‘शॅम्पेन’ : एका शब्दाचे अनेक अर्थ आणि चेन्नईतील नोंद

चेन्नई – शहराच्या दक्षिण भागात, गिंडी औद्योगिक वसाहतीतील ग्रँड सदर्न ट्रंक रस्त्यालगत बौद्धिक संपदा कार्यालयाची इमारत आहे. भौगोलिक निर्देशांची नोंद करणारे देशातील एकमेव कार्यालय याच इमारतीत असून पैठणी, पुणेरी पगडी, सोलापुरी चादर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि तंजावरची चित्रे ही नावे येथील नोंदवहीत कायद्याने सुरक्षित झाली आहेत. याच नोंदवहीत फ्रान्समधील एका प्रांताचे नावही आहे. हे नाव म्हणजे ‘शॅम्पेन’.

मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. क्रिकेटचा संघ जिंकला, जहाजाचे जलावतरण झाले किंवा शेअर बाजाराच्या निर्देशांकाने नवा उच्चांक गाठला की बातमीत कोठेतरी शॅम्पेन उसळते. लॉर्ड्सच्या सज्जातील १९८३ च्या विजयोत्सवाची छायाचित्रे पाहिलेल्या पिढीला तर या शब्दाची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. मात्र बातमीतील शॅम्पेन आणि चेन्नईच्या नोंदवहीतील शॅम्पेन यांचा अर्थ एकच आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या दोन अर्थांमधील अंतरात अनेक खटले, एक दंगल, काही आंतरराष्ट्रीय करार आणि नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागायतदारांचे हितसंबंध सामावलेले आहेत.

शब्दाचे मूळ

‘शॅम्पेन’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधून उतरला. लॅटिन भाषेत ‘कांपुस’ म्हणजे मोकळे मैदान, आणि ‘कांपानिया’ म्हणजे मोकळ्या मैदानांचा मुलूख. इटलीतील नेपल्सच्या आसपासच्या प्रदेशाला आजही कांपानिया म्हणतात, तर पॅरिसच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या खडूच्या जमिनीच्या मुलखाला फ्रेंच उच्चारानुसार ‘शांपान्य’ हे नाव मिळाले. याच धातूपासून निघालेले काही शब्द मराठीत रोज वापरले जातात. कॅम्प, कॅम्पस आणि कॅम्पेन ही त्यांतली सहज ओळखू येणारी भावंडे होत. रणमैदानावर उतरणारा तो चॅम्पियन, हे नातेही त्याच घराण्यातले. विजेत्याच्या हाती शॅम्पेनची बाटली येते तेव्हा दोन सख्खे शब्दच एकमेकांना भेटत असतात, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ प्रांत असा आहे. त्या प्रांतात द्राक्षांपासून तयार होणारी फेसाळ वाइन हा दुसरा अर्थ. तिसरा अर्थ सैल असून कोणत्याही देशात झालेली, बुडबुडे येणारी आणि आनंदाच्या प्रसंगी उघडली जाणारी वाइन त्यात मोडते. इंग्रजी शब्दकोश हा तिसरा अर्थ नोंदवतात, कारण लोक तो वापरतात. कायदा मात्र तो मान्य करत नाही. यापुढचे अर्थ लाक्षणिक आहेत. फिकट सोनेरी रंगाला शॅम्पेन म्हणतात आणि मोटारी, साड्या, मोबाइल संच यांच्या जाहिरातींत तो रंग सर्रास दिसतो. तपकिरी छटेच्या हिऱ्यांना व्यापारात ‘शॅम्पेन हिरे’ म्हटले की त्यांचा उठाव वाढतो. समतेच्या गोष्टी बोलून स्वतः ऐषारामात राहणाऱ्या राजकारण्याला इंग्रजीत ‘शॅम्पेन सोशालिस्ट’ असा टोमणा मारतात.

बोलीतील इंग्रजीत याच पेयाला ‘फिझ’, ‘चॅम्पर्स’ आणि ‘बबली’ अशी लाडकी नावेही आहेत. त्यांतील ‘बबली’ हा शब्द भाषांतरकाराची परीक्षा पाहतो. एखाद्या अभिनेत्रीला इंग्रजी वृत्तपत्रे ‘बबली’ म्हणतात तेव्हा तिच्या उत्साही, खळखळत्या स्वभावाचे वर्णन अभिप्रेत असते. पण विजयानंतर खेळाडूंनी ‘बबली’ उघडली असे वाक्य आले की ती बाटली असते. मराठीत बुडबुड्याला हा आनंद चिकटलेला नाही. पाण्यावरचा बुडबुडा म्हटले की मराठी मनाला क्षणभंगुरता आठवते. इंग्रजीतही बुडबुडा फुटतो, मात्र तो सहसा बाजारात फुटतो. १७२० मध्ये लंडनमध्ये साउथ सी कंपनीच्या समभागांचा फुटला होता, आणि त्याचे भाषांतर करताना मराठी बातमीदार ‘फुगा’ हा शब्द निवडतात. एकाच प्रतिमेची दोन भाषांत अशी दोन टोके असल्याने ‘बबली’चे शब्दशः भाषांतर कधीच जमत नाही. ‘बबली’ या शब्दाचा एक फायदा मात्र आहे. त्यावर कोणत्याही प्रांताचा हक्क नाही. नाशिकची, इटलीची किंवा फ्रान्सची, कोणतीही फेसाळ वाइन ‘बबली’ म्हटल्याने कोणी न्यायालयात जाणार नाही.

फेस येतो कसा

फेसाळ वाइनचे तंत्र समजून घेतल्याशिवाय नावाचा वाद समजत नाही. आधी नेहमीप्रमाणे द्राक्षरस आंबवून साधी वाइन तयार केली जाते. नंतर ती बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. बाटलीतच दुसऱ्यांदा किण्वन होते, कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो. बाटलीतील दाब पाच ते सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून बराच अधिक असतो. म्हणूनच बाटलीची काच जाड आणि बुचाला तारेची जाळी असते. मृत यीस्टचा साका बाटल्या हळूहळू उलट्या करत मानेशी आणला जातो, काढून टाकला जातो, आणि गोडी हवी त्या प्रमाणात थोडे साखरेचे मिश्रण घालून बाटली पुन्हा बंद होते. लेबलवर ‘ब्रुट’ असे लिहिलेले असेल तर लिटरमागे साखर १२ ग्रॅमपेक्षा कमी आहे, असे समजावे.

या तंत्राचा शोध दोम पेरिन्यों या धर्मगुरूने लावला, ही कथा जगभर सांगितली जाते. ओव्हिलेर येथील मठात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाइनची व्यवस्था पाहणाऱ्या या गुरूने द्राक्षांच्या मिश्रणात मोठी सुधारणा केली हे खरे. फेस मात्र त्या काळी दोष मानला जात होता आणि तो टाळण्याकडेच त्यांचा कल होता. उलट वाइनमध्ये साखर घालून ती फेसाळ करण्याच्या पद्धतीचे वर्णन ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात आढळते. फ्रेंच अभिमानाला हे रुचण्यासारखे नाही. पण येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, शॅम्पेनचा कायदेशीर हक्क शोधाच्या श्रेयावर अवलंबून नाही. तंत्र कोणीही वापरू शकतो. संरक्षण आहे ते नावाला.

दंगलीतून आलेला कायदा

हे संरक्षण फ्रान्सच्या शेतकऱ्यांना सहज मिळाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शॅम्पेन प्रांतातील काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षे व वाइन आणून त्यांवर शॅम्पेनचे नाव लावत होते. कीड आणि वाईट हंगाम यांनी खचलेल्या स्थानिक बागायतदारांच्या मालाला त्यामुळे भाव मिळेना. १९११ च्या जानेवारी आणि एप्रिलमध्ये मार्न खोऱ्यातील शेतकरी रस्त्यावर उतरले; आई या गावी व्यापाऱ्यांची कोठारे फोडण्यात आली, बाटल्या रस्त्यावर ओतल्या गेल्या आणि सरकारला लष्कर पाठवावे लागले. प्रांताच्या सीमेत कोणती गावे येतात, हा या संतापाचा दुसरा पदर होता. दक्षिणेकडील ओब जिल्ह्याला १९०८ च्या आदेशाने बाहेर ठेवले होते. तेथील शेतकऱ्यांनीही आंदोलन केले. अखेर १९२७ च्या कायद्याने सीमा निश्चित झाल्या आणि १९३६ मध्ये शॅम्पेनला नियंत्रित नामाभिधानाचा दर्जा मिळाला. आज सुमारे ३४ हजार हेक्टर क्षेत्रातील द्राक्षांपासून, ठरलेल्या जातींपासून आणि ठरलेल्या पद्धतीनेच शॅम्पेन तयार करता येते. ती किमान १५ महिने, आणि एकाच वर्षाच्या पिकाची असल्यास तीन वर्षे मुरवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही.

देवगड हापूसच्या नावाखाली परप्रांतातील आंबा विकला जातो, अशी तक्रार दर उन्हाळ्यात कोकणातून ऐकू येते. तिचे स्वरूप १९११ च्या त्या तक्रारीहून फारसे वेगळे नाही.

फ्रान्सबाहेर हा हक्क मान्य करून घेण्यास आणखी वेळ लागला. पहिल्या महायुद्धानंतरच्या १९१९ च्या व्हर्सायच्या तहात प्रादेशिक नावांचा मान राखण्याचे बंधन जर्मनीवर घालण्यात आले. जर्मन फेसाळ वाइन आज ‘झेक्ट’ म्हणून विकली जाते. स्पेनची ‘कावा’, इटलीची ‘प्रोसेको’, आणि खुद्द फ्रान्समध्ये शॅम्पेनच्या सीमेबाहेर झालेली ‘क्रेमाँ’, अशी प्रत्येकाने आपली वाट शोधली. इंग्लंडमध्ये ‘स्पॅनिश शॅम्पेन’ या नावाने वाइन विकणाऱ्या कंपनीविरुद्धचा खटला फ्रेंच उत्पादकांनी १९६० मध्ये जिंकला. १९९३ मध्ये तर ‘शॅम्पेन’ नावाचे अत्तर बाजारात आणणाऱ्या प्रसिद्ध फ्रेंच फॅशन संस्थेलाही ते नाव मायदेशातच सोडावे लागले.

सर्वांत चमत्कारिक वाटावी अशी स्थिती स्वित्झर्लंडमधील व्हो प्रांतातल्या एका लहान गावाची आहे. या गावाचे नावच शॅम्पेन. तेथे पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे पिकतात आणि त्यांची साधी, फेस नसलेली वाइन गावाच्या नावाने विकली जात होती. स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांच्यात १९९९ मध्ये झालेल्या करारामुळे २००४ पासून या ग्रामस्थांना आपल्याच गावाचे नाव बाटलीवर लिहिता येईनासे झाले. शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी जन्मलेल्या कायद्याने येथे शेतकऱ्यांवरच अन्याय केला, असे म्हणण्यास जागा आहे.

सर्वच देशांनी फ्रान्सचे म्हणणे मानलेले नाही. अमेरिकेत २००६ च्या करारापूर्वीपासून ‘कॅलिफोर्निया शॅम्पेन’ असे लिहिणाऱ्या उत्पादकांना ती सवलत कायम आहे. रशियाने जुलै २०२१ मध्ये कायदा बदलून ‘शाम्पान्स्कोये’ हे रशियन नाव केवळ देशी उत्पादनासाठी राखून ठेवले आणि फ्रान्सहून येणाऱ्या अस्सल शॅम्पेनच्या बाटलीवर रशियन भाषेत नुसते ‘फेसाळ वाइन’ लिहिण्याची सक्ती केली. एका मोठ्या फ्रेंच कंपनीने काही दिवस रशियाला माल पाठवणे थांबवले व नंतर नियम पाळण्याचे मान्य केले.

नारायणगाव ते दिंडोरी

भारतातील फेसाळ वाइनची कहाणी पुणे जिल्ह्यातील नारायणगावापासून सुरू होते. उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात येथे फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळ वाइन तयार केली. भारतात ती ‘मार्कीझ द पाँपाडूर’ आणि परदेशात ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली. ही वाइन शॅम्पेनच्याच पद्धतीने, बाटलीत दुसरे किण्वन करून केली जात असे, आणि परदेशी समीक्षकांनाही तिचे कौतुक वाटले. गंमत म्हणजे, बाटलीवर ‘शॅम्पेन’ हे नाव नसले तरी कंपनीच्या नावात ते होते. ‘शॅम्पेन इंडाज लिमिटेड’ हे नाव अनेक वर्षे शेअर बाजाराच्या यादीत झळकत होते. पुढे ते बदलून ‘इंडाज व्हिंटनर्स’ झाले. त्या काळी देशात भौगोलिक निर्देशांचा स्वतंत्र कायदाच नव्हता.

हा कायदा संसदेने १९९९ मध्ये संमत केला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून तो अमलात आला. जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ करारातील बंधन त्यामागे होते. बासमती आणि हळदीच्या पेटंटवरून अमेरिकेशी उडालेल्या खटक्यांमुळे देशातील जनमतही अनुकूल झाले होते. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. कायद्याने परदेशी नावांनाही दार खुले ठेवले आणि शॅम्पेनच्या उत्पादकांच्या व व्यापाऱ्यांच्या संयुक्त समितीने चेन्नईत अर्ज केला. कॉन्याक, स्कॉच व्हिस्की, मेक्सिकोची टकीला, अमेरिकेतील नापा व्हॅली ही नावेही याच मार्गाने नोंदवहीत आली. अर्ज आल्यावर त्याची छाननी होते, तो नियतकालिकात प्रसिद्ध होतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते, आणि नोंद झाल्यावर दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ‘पिस्को’ या मद्याच्या नावावरून पेरू आणि चिली या दक्षिण अमेरिकेतील दोन शेजाऱ्यांचे भांडण चेन्नईच्या या कार्यालयात सुरू होऊन पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. दोन खंडांपलीकडचा तंटा गिंडीत सोडवला जावा, हे जागतिकीकरणाचे एक अनपेक्षित रूप म्हणावे लागेल.

नोंदणीचा परिणाम असा की, शॅम्पेन प्रांताबाहेर झालेल्या वाइनवर हे नाव लावून ती भारतात विकणे बेकायदा ठरते. खोटा निर्देश वापरल्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मात्र कायदा मालापुरता आहे. कोलकात्यातील एका हॉटेलाने आपल्या विश्रांतिकक्षाला दार्जिलिंगचे नाव दिले तेव्हा चहा मंडळाने खटला भरला. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळताना, भौगोलिक निर्देश वस्तूंसाठी असतो, हॉटेलातील कक्षासाठी नव्हे, असे स्पष्ट केले. ‘शॅम्पेन रंगाची साडी’ विकणाऱ्या दुकानदाराने त्यामुळे लगेच धास्तावण्याचे कारण नाही. हक्क बजावण्यात दिरंगाई झाली तर नुकसान होते, हेही भारतीय न्यायालयांनी दाखवले आहे. ‘पीटर स्कॉट’ या देशी व्हिस्कीविरुद्ध स्कॉटलंडच्या उत्पादकांनी फार उशिरा हालचाल केली, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देशी कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

ज्यांना नाव वापरता येत नाही त्यांचे काय झाले, हे नाशिक जिल्ह्यात दिसते. राज्याच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर तेथे वाइनउद्योग वाढला आणि सुलासारख्या कंपन्यांनी फेसाळ वाइनही बाजारात आणली. २०१३ मध्ये तर प्रत्यक्ष शॅम्पेन प्रांतात मोए हे विख्यात नाव बाळगणाऱ्या उद्योगसमूहाने दिंडोरी तालुक्यात ‘शाँदों’ ही फेसाळ वाइन सुरू केली. तंत्र तेच, दुसरे किण्वन बाटलीतच, देखरेख फ्रेंच परंपरेची. पण बाटलीवर शॅम्पेन हा शब्द लिहिण्याची मुभा त्या समूहालाही नव्हती. दिंडोरीची माती शॅम्पेनची नाही, एवढेच कारण पुरेसे होते.

येथे एक विषमता नोंदवली पाहिजे. ‘ट्रिप्स’ करारात वाइन व मद्य यांना इतर वस्तूंपेक्षा वरचे संरक्षण आहे. दार्जिलिंगऐवजी ‘दार्जिलिंग पद्धतीचा चहा’ असे परदेशात कोणी लिहिले, तर ग्राहकाची दिशाभूल झाली हे सिद्ध करावे लागते. ‘शॅम्पेन पद्धतीची वाइन’ असे लिहिणे मात्र दिशाभूल होवो वा न होवो, मुळातच वर्ज्य आहे. हे वरचे संरक्षण सर्व वस्तूंना मिळावे अशी मागणी भारत आणि काही देश २००१ च्या दोहा परिषदेपासून करत आहेत. ती अद्याप मान्य झालेली नाही. युरोपीय संघाशी भारताने २०२२ मध्ये ज्या वाटाघाटी पुन्हा सुरू केल्या, त्यांत भौगोलिक निर्देशांचा स्वतंत्र करार हाही एक विषय होता, तो याच पार्श्वभूमीवर.

या विषमतेची झळ जून २०२५ मध्ये कोल्हापूर आणि बेळगाव परिसरातील कारागिरांना जाणवली. मिलानमधील सोहळ्यात इटलीच्या प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्याच दिसणाऱ्या चपला सादर केल्या आणि त्यांच्या मुळाचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरी चपलेची नोंद चेन्नईत २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या आठ जिल्ह्यांसाठी संयुक्तपणे झालेली आहे. पण नाव न वापरता घाट उचलला तर भौगोलिक निर्देशाचा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. टीकेनंतर कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. कायद्यापेक्षा लोकमताचा दाब येथे अधिक कामी आला, असेच दिसते.

बातमीत काय लिहावे

वृत्तपत्रे आणि वाहिन्या यांच्यावर नोंदणी कायद्याचे बंधन नाही. बातमीतील शब्द म्हणजे मालावरचे लेबल नव्हे. तरीही अचूकतेचा प्रश्न राहतो. फॉर्म्युला वन शर्यतींच्या विजयमंचावर २०२१ ते २०२४ या काळात उडवली गेलेली फेसाळ वाइन इटलीच्या त्रेंतो भागातील होती, तरी जगभरच्या बातम्यांत ती शॅम्पेनच राहिली. २०२५ पासून तेथे पुन्हा अस्सल शॅम्पेन आली, त्यामुळे बातम्या न बदलताच खऱ्या ठरल्या.

मराठीत ‘स्पार्कलिंग वाइन’ हा जोडशब्द बाजारात रुळला आहे. ‘फेसाळ वाइन’ हा पर्याय अर्थाला नेमका आणि उच्चारायला सोपा असला तरी फेसाळ म्हटले की काहींना प्रथम ताक किंवा साबण आठवतो. ‘चमचमती’ हा शब्द कानाला बरा लागतो, पण अर्थ चुकतो. येथे चमक प्रकाशाची नसून वायूच्या बुडबुड्यांची आहे. उगम ठाऊक असेल तर शॅम्पेन, कावा, प्रोसेको ही नावे तशीच लिहावीत आणि ठाऊक नसेल तर ‘फेसाळ वाइन’ म्हणावे, हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग होय.

चेन्नईच्या नोंदवहीत ‘नाशिक व्हॅली वाइन’ हेही एक नाव आहे. फेसाळ वाइनसाठी आंबटपणा टिकलेली द्राक्षे लागतात, म्हणून नाशिकच्या बागांत त्यांची तोडणी इतर वाइनच्या द्राक्षांपेक्षा लवकर, थंडी ओसरण्यापूर्वीच सुरू होते. त्या द्राक्षांच्या बाटलीवर पुढे शॅम्पेन हे नाव येणार नाही. नाशिकचे येऊ शकेल.